टीव्हीतलं वकिलाचं घर आणि मी मास्तरीण

माझ्या भांडखोर ओडेसाला थोरल्या बहिणीचे चार गोड पापे.

मी लेकाच्या घरी मजेत आहे. रेमंडनं मला वेगळी खोली दिलीय. गालिचा इतका मऊ, की चालताना मांजर झाल्यासारखं वाटतं. तुझा गुडघा कसा आहे?

दर गुरुवारी सूनबाईच्या मैत्रिणी टीव्ही बघायला येतात. त्यात एका काळ्या वकिलाचं घर दाखवतात, बायको डॉक्टर. सूनबाई म्हणाली, "बघा आई, आपली माणसं कुठं पोचली."

मी म्हटलं, "बघतेय गं. पण यांचे एवढे पांढरे शर्ट धुतं कोण? आधी टीव्हीवर आपल्या नुसत्या मोलकरणी असायच्या, आता औषधालासुद्धा एक दिसत नाही."

एक मैत्रीण हसली आणि म्हणाली, "तुम्ही काय करायचात?"

मी तोंड उघडायच्या आत सूनबाई बोलली, "आई शाळेत शिकवायच्या."

तिसरीत शाळा सोडलेली मास्तरीण मी. रेमंडकडे बघितलं. आपण दोघींनी लोकांची धुणी धुऊन त्याला दातांचा डॉक्टर केला. तो टीव्हीकडेच बघत राहिला. मग मीही मान डोलावली.

तेव्हापासून मी घरात फारशी बोलत नाही. कुणी विचारतही नाही.

तू मोठं पत्र लिही. गोऱ्यांच्या परसात आपण कढईत कपडे उकळायचो आणि रेमंड टोपलीतल्या चादरींवर झोपायचा, ते सगळं लिही. चष्मा सापडत नाही असं सांगून मी ते त्यालाच मोठ्यानं वाचायला लावणार आहे.

तुझीच खोडकर,
लुएला