एक टोल

५ ऑक्टोबर
"देवळात शिरताना घंटा वाजवावी, आत जो असेल त्याला कळतं आपण आलोय," आई म्हणायची. व्हर्जिनियातल्या या खेड्यातल्या अँग्लिकन चर्चमध्ये पाऊल टाकलं आणि तेच आठवलं. महिनाभर याची मापं घेऊन नकाशे करायचे. किती देखणं आहे! इंग्रजांच्या वसाहतीच्या काळातल्या विटा, आळीपाळीनं एक लांब, एक आखूड. साध्या काचेच्या उंच खिडक्या. बाकं म्हणजे छातीएवढ्या उंचीच्या लाकडी खोल्याच, प्रत्येकीला दार. प्रवेशद्वाराशीच मनोऱ्यातून दोर लोंबत होता. सहा वर्षांच्या नीनाला मी सवयीनं उचललं, तिनं ओढला. एकच टोल. लेक खुदकन हसली.

७ ऑक्टोबर
चर्चची देखभाल करणाऱ्या जेनिंग्जबाई टोल कोणी दिला म्हणून विचारत आल्या. मी हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही घंटा फक्त मयताला वाजते. वाजली की कबर खणायची, अशी इथली रीत. कोण खणतं, विचारलं. पूर्वी एक माणूस होता, म्हणाल्या. आता कोणी नाही.

९ ऑक्टोबर
मागच्या दफनभूमीत हिरवळीचा एक तुकडा कापलेला. कडा सरळ, आकार लहान. रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं. अनीश म्हणाला, "सेप्टिक टँकवाले असतील यार. तू पण ना!" मीही हसले.

१० ऑक्टोबर
खड्डा खोल झालाय. नीना त्यात आडवी पडली होती. "आई, इट फिट्स," म्हणाली.
मी मापाची टेप लावली नाही.

१२ ऑक्टोबर
काम सोडून शेकडो मैल दूर, पार्सिपनीला घरी आलो. नीनाला ताप. डॉक्टर म्हणतात, साधा व्हायरल.

१३ ऑक्टोबर
आमच्या अंगणात, झोपाळ्याखाली — तसाच खड्डा. तेवढाच. अनीशनं बुजवला.

१४ ऑक्टोबर
पुन्हा उघडा. आणखी खोल. जेनिंग्जबाईंना फोन केला. दिलेला टोल परत घेता येत नाही, म्हणाल्या — आणि रडायलाच लागल्या.

१५ ऑक्टोबर
नीना डोळे उघडत नाही. अनीश तिच्यापाशी, हॉस्पिटलात. मी इथे, फावडं घेऊन. खड्डा माझ्या उंचीएवढा लांब करतेय — वळून पाहावं तर पुन्हा आखूड.
हे पान काठावर ठेवते. तुम्ही जे कोणी खणताय — दोर तिनं ओढला, पण उचललं मी. खड्डा माझ्या मापाचा राहू द्या. माहीत आहे, तुम्ही नाहीच म्हणाल. तरी एवढं —