शनीच्या चंद्राचं वजन

बुध. ८ जाने., जळकोट
शनीच्या एका लहान चंद्राचं वजन बरोबर निघालं तर परदेशातली मंडळी सविताला तिकडं संशोधनाला बोलावणार. तीन वर्षं. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही बापलेकच. उदगीरला कॉलेजात शिकवून संध्याकाळच्या एस.टी.नं येते, की लगेच लॅपटॉप. विचारलं, चंद्र काट्यावर कसा चढवतेस? हसली. "अण्णा, तो शेजारच्या चंद्राला ओढतो. मग शेजारचा वेळेच्या जरा पुढं-मागं होतो. त्यावरून वजन काढायचं." मी सातवी. एवढं कळलं. ती गेल्यावर मला रात्री काही झालं तर...

शनि. ११
मारुतीच्या देवळातल्या शनीला तेल वाहिलं. मागितलं ते इथंच लिहितो, कुणाला सांगू. चंद्र तुझे, तुझ्या हातातलं आहे, पोरीचं गणित जुळू देऊ नको. शेजारचा व्यंकट चपला घालताना म्हणाला, "काय अण्णा, साडेसाती लागली का?" म्हणलो, "हाव, लागली."

गुरु. १६
सविता जेवली नाही. वजन उणं येऊन राहिलंय. शून्याच्याही खाली. "असा चंद्र असतच न्हाई, अण्णा." डोळे लाल. मला बरं वाटेल वाटलं होतं. छातीत धडधड, बी.पी.ची गोळी घेऊनही. संक्रांतीचे लाडू तिनं अजून तोंडात घातले नाहीत.

शनि. १८
देवळात गेलो. पुजाऱ्याला विचारलं, वाहिलेलं तेल माघारी घेता येतं का. "का काका, भजे तळायचेत?" रांगेतले सगळे हसले. मीही. आधीचं मागणं मोड म्हणावं तर ती जाते. न म्हणावं तर घरात राहून अशी वाळते. काहीच न मागता उभा राहिलो. मागच्या बाईनं ढकललं, "सरका की बाबा, लई झालं."

सोम. २०
गणित उद्या पाठवायचं. अजून उणंच. देवाला कधी हात न जोडणारी पोर, आज उंबऱ्यावर माझ्याजवळ येऊन बसली. "अण्णा, तुम्ही शनीला जाता ना? माझ्यासाठी एक डाव मागा की."
"शनिवार लांब हाय, बाई."
"मग घरातूनच मागा."
हाव म्हणलो. आत देवापुढं बराच वेळ बसून आलो. "मागितलं का?" म्हणाली. मान डोलावली. काय मागितलं ते मलाच कळलं नाही.