साठ अंशांवरची माती

मी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्रयोगशाळा तपासनीस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दडपणाखाली केलेली सही कशी असते ते मला ठाऊक आहे. ही तशी नाही. फुप्फुसे जेमतेम चालतात, पण डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझे राहते दोन खोल्यांचे घर धाकट्या बहिणीला द्यावे. तिची रोपवाटिका होती. ‘मातीत विरघळणारी, शंभर टक्के पर्यावरणस्नेही’ असे छापलेल्या पिशव्यांत ती रोपे वाढवायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, “पिशवीसकट लावा, काही होत नाही.” दोन वर्षांत झाडे माना टाकू लागली. उपटून पाहिली तर पिशवी जशीच्या तशी, आत मुळे गुदमरलेली. लोकांनी तिलाच लबाड ठरवले. रोपवाटिका बसली.

२. तिने ग्राहक आयोगात कंपनीविरुद्ध तक्रार केली. कंपनीने आमच्या प्रयोगशाळेचा अहवाल पुढे केला. त्यावर माझी, नोकरीत असतानाची, सही होती. पिशवी विरघळली होती हे खरे, पण साठ अंशांवर तापवलेल्या पेटीतल्या मातीत. अंगणातली माती तेवढी कधीच तापत नाही. अहवालातला तापमानाचा रकाना मी कोरा सोडला. साहेब म्हणाले होते, “अहो, तो रकाना कोण वाचतंय? करा सही.” बढती तोंडावर होती. केली.

आयोगाच्या दारात बहिणीने विचारले, “दादा, सही तुझीच ना?”

“माझीच. नियमात बसतं सगळं,” मी म्हणालो. तक्रार फेटाळली गेली; तिने वरच्या आयोगात अपील केले. त्याला चार वर्षे झाली, ती माझ्याशी बोलत नाही. तिचे काही चुकले नाही. मला लाज वाटते.

३. चाचणीची मूळ वही कपाटाच्या खालच्या खणात आहे. तीत साठचा आकडा माझ्याच अक्षरात आहे. माझ्यामागे ती बहिणीच्या वकिलांना द्यावी. जिवंतपणी द्यायची छाती झाली नाही.

४. माझा थर्मामीटर साहेबांना द्यावा. आकडा दिसत नसेल तर नातवाकडून वाचून घ्यावा.

५. माझ्या नावाने कोणी झाड लावू नये.

६. वरील मसुदा शेजारच्या शिंपीणबाईंनी बहिणीला वाचून दाखवला. तिचा निरोप आला: “घर नको मला. मेल्यावर खरं बोलून काय उपयोग? अजून जिवंत आहे ना? मग ये म्हणावं.”

म्हणून कलम तीन रद्द. अपिलाची सुनावणी उद्या आहे. वही मी स्वतः नेणार आहे. आयोग तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. डॉक्टरांच्या मते मी दुसराही गाठणार नाही. मी वाटेत पडलो तर मला उचलत बसू नये. वही आधी वर पोचवावी.

ठिकाण: माझी राहती खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर, सुनावणीचा आदला दिवस
सही: निवृत्त तपासनीस

साक्षीदार:
१. डॉक्टर (जिने चढण्यास माझी परवानगी नाही, असे नोंदवून सही करतो.)
२. शेजारीण, शिंपीण (वही मी धरीन.)