डाव्या बाजूचा बॅक

बाबा, आजच्या रविवारी तो निवृत्त झाला. तुम्ही त्याला ओळखत नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो जन्मलाही नसेल. स्पेनमधला आहे, तिथल्या फुटबॉलच्या पार खालच्या लीगमधला डाव्या बाजूचा बॅक. तुमची सून गेल्यानंतर रविवार खायला उठायचे, तेव्हा लेक फोनवर म्हणाली, "पापा, कुछ भी लगा लिया करो, घर में आवाज़ तो रहेगी." मोबाइल चाळता चाळता एका गावची मॅच लागली. सिमेंटच्या चार पायऱ्या, मागे उघडी टेकडी, मूठभर माणसं. आणि डावीकडे हा, एक हात वर करून पुढच्या पोरांना सारखं काहीतरी ओरडून सांगणारा. मी कूलर बंद केला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

रेल्वेच्या ग्राउंडवर तुम्ही असेच ओरडायचात, "मी आहो! मागे मी आहो!" टीममध्ये बंगाली, तेलुगू, छत्तीसगढी, मराठीचा गंध नाही कुणाला, पण एवढं सगळ्यांना कळायचं. मी मात्र गोलाकडे बघून उड्या मारायचो. एकदा जिंकून घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडलेत, आई पोळ्या लाटतेय आणि मी तिला गोल कसा झाला ते रंगवून सांगतोय. "गोल झाला तवा मी कुठं होतो?" तुम्ही विचारता. मी पुन्हा गोलाचंच सांगू लागतो. "बॉल काहून पाहून राहिला रे पोट्ट्या? बॉल तं सारेच पाहतात. ज्याच्यापाशी बॉल नाही, त्याले पाह." आई म्हणाली, "जेवू तं द्या त्याले." मला तुमचा असा राग आला होता की चार पोळ्या जास्त खाल्ल्या.

म्हणून याला पाहत राहिलो. त्याच्या क्लबच्या बातम्या मोबाइल मोडक्यातोडक्या हिंदीत करून देतो, त्यावरून भागवायचं. एक वर्ष वरच्या लीगमध्ये गेला, तिथं बाकावरच बसला. मग गुडघा गेला. मग आणखी लहान गाव. दिवसा टायरच्या दुकानात काम, संध्याकाळी सराव. गोल मी त्याचा एकच पाहिला, तोही स्वतःच्याच जाळीत. त्या दिवशी जीव नुसता तळमळत होता, पण इथं तात्यापाऱ्याच्या मोहल्ल्यात सांगणार कुणाला? खालच्या दुकानदाराला क्रिकेटपलीकडे जग नाही. तुम्ही असतात तर दोघांनी मिळून गोलकीपरला शिव्या घातल्या असत्या.

शेवटच्या मॅचमध्ये त्याला थोडं आधी बाहेर घेतलं. पायऱ्यांवरची सगळी माणसं उठून उभी राहिली, टाळ्या वाजवू लागली. हा बावळटासारखा रेषेवर थांबला, हातांचं काय करावं ते त्याला कळेना. बाबा, तुमची शेवटची मॅच कोणती, हे आपल्या घरात कुणालाच माहीत नाही. एका रविवारी तुम्ही ग्राउंडवर गेला नाहीत, आईनं विचारलं, तुम्ही "पाय दुखून राहिला" म्हणालात, संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. मला आता त्याचं फार वाईट वाटतं, इतकं की मी खोलीत उठून उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या, खूप जोरात, तिथल्या थांबल्या तरी.

समोरच्या घरातल्या दीदी दारात आल्या. "भैया, सब ठीक है ना? कोई आया है क्या?"

"हव, सब ठीक. मॅच चल रही थी."

"मुझे लगा मेहमान आए हैं. चाय चढ़ाई है, ले आऊँ? यहीं बैठके पी लेंगे."

"नहीं दीदी, अभी-अभी पी."

त्या गेल्या. मी दार लावलं आणि हे लिहायला बसलो. कुठल्या पत्त्यावर टाकणार आहे, देव जाणे.

चहा मी घेतला नव्हता, बाबा. त्यांनी आत येऊन बसायला हवं होतं मला.