धाडसी माणसाला शोभेल अशी गाडी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
निर्णय झाला. गाडी घ्यायची. सेकंड हँड, छोटी हॅचबॅक. पण मुळमुळीत नको, रोज चालवताना मजा आली पाहिजे.

कारण असं. हिला हेड नर्सची जागा मिळतेय. बारा वर्षं वाट पाहिलेली जागा. पण ड्यूटी सकाळी सहाची. हॉस्पिटल शहराबाहेर अकरा किलोमीटर, आणि तिकडची पहिली बस साडेसहाची. मॅट्रनने होय-नाही कळवायला चोवीस तारखेपर्यंत मुदत दिलीय. मी म्हणालो, काळजी कशाला, मी रोज सोडीन. ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुकाने असावं.

लायसन्स आहेच. चौदा वर्षांचं, एक ओरखडा नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर अकरा वर्षं काढल्याचा हा फायदा. डीलर बिचारा गाडी पुढून दाखवतो. मला प्रत्येक मॉडेल मागून, बाजूने आणि उलटं पडल्यावर कसं दिसतं तेही पाठ आहे.

आज पांढरी पाहिली. एकच मालक, टायर नवे. पण याच मॉडेलची फाइल गेल्या महिन्यात माझ्याकडे होती. टँकरने मागून ठोकलेली. फोटोत डिकी कुठे संपते आणि मागची सीट कुठे सुरू होते तेच कळत नव्हतं. डीलरला म्हणालो, डिकी जरा लहान वाटते.

टेस्ट ड्राइव्ह घेतली नाही. पोट ठीक नव्हतं.

७ फेब्रुवारी, शनिवार
निळी. हिचा धाकटा भाऊ बरोबर होता. मेव्हण्याला गाड्यांचा नाद आहे, पण खोलात जाणं नाही. तो चालवायला बसला, मी मागे. सस्पेन्शनचा खरा अभ्यास मागूनच होतो.

पुलावर त्याने साठ गाठले तेव्हा मी डोळे मिटून इंजिन ऐकत होतो. आरशातून बघत म्हणाला, भावोजी, ओठ का हलताहेत? सांगितलं, गिअर मोजतोय. गाडी पाच गिअरची आहे. मी सत्तरपर्यंत पोचलो होतो.

निळी नापास. वळणावर फार आवाज येतो. मेव्हण्याचं म्हणणं, तो आवाज गाडीचा नव्हता.

१० फेब्रुवारी, मंगळवार
नवा नियम: रोज सकाळी पंधरा मिनिटं सराव. सध्या गाडी नाही, म्हणून खुर्चीवर. डावा पाय क्लच, उजवा ब्रेक. हातात ताट, म्हणजे स्टिअरिंग.

ही चहा घेऊन अचानक पुढ्यात आली. करकचून ब्रेक मारला. खुर्ची मागे कलंडली. घाबरलो नाही, दचकलो. फरक आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
रजा टाकून हिच्या बसने रूट पाहून आलो. धाडसी माणूस आधी तयारी करतो. ही हॉस्पिटलात गेली, मी मोठ्या चौकात उतरलो. पाच रस्त्यांचं वर्तुळ आहे. त्यात गाड्या शिरतात कशा, ते चाळीस मिनिटं उभं राहून पाहिलं. शिरतात. कशा ते कळलं नाही.

परतताना बसमध्ये पुढची काच दिसणार नाही अशी मागची सीट धरली. ऊन फार.

१५ फेब्रुवारी, रविवार
घेतली! लाल. छोटी, चपळ, जागच्या जागी वळते. नाही म्हणायला कारण शोधलं, पण सापडलं नाही. तपासायला मेकॅनिक नेला होता. म्हणाला, गाडी ठणठणीत आहे, तुमचेच हात गार पडलेत.

मेव्हण्याने आणून बिल्डिंगखाली लावली. हिने बॉनेटवरून हात फिरवला आणि विचारलं, की मग उद्या मॅट्रनना हो सांगू? म्हटलं, चोवीसपर्यंत वेळ आहे ना? उतावळेपणा बरा नव्हे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
सीट पुढे घेतली.

१८ फेब्रुवारी, बुधवार
आरसे लावले. सीट मागे घेतली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
इंजिन सुरू केलं. छान सुरू होतं. बंदही छान होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार
कोण वाचतंय, म्हणून खरं लिहितो. किल्ली फिरवली की तळहात ओले होतात. क्लेमच्या फॉर्मवर लोकांनी लिहिलेलं आठवतं: ‘मी नेहमीप्रमाणे जात होतो आणि अचानक.’ प्रत्येक फाइलीत हेच वाक्य. कुणीही काही वेडंवाकडं करत नव्हतं, सगळे नेहमीप्रमाणेच जात होते. आणि माझ्या शेजारच्या सीटवर ही बसणार. मला भीती वाटते. फार वाटते.

(नंतर) वरचं वाचून पाहिलं. भीती हा शब्द चुकलाय. अनुभवी माणसाची सावधगिरी म्हणायला हवं होतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
ही निघताना चप्पल घालून दारातच थांबली. विचारलं, की काही सांगायचंय का. म्हणालो, टायरमध्ये हवा जरा कमी आहे, एवढंच. बरं म्हणाली आणि बसला गेली.

उद्यापासून जोरात सुरुवात.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ८
आज मी गाडी चालवली.

अर्ध्या दिवसाची रजा घेतली. हिला न सांगता आणायला जायचं ठरवलं. अकरा किलोमीटर, दुसऱ्या गिअरमध्ये, चारही दिवे लुकलुकत ठेवून, एक तास दहा मिनिटं. त्या चौकात शिरता आलं. बाहेर पडता येईना, म्हणून तीन फेऱ्या झाल्या. मागचे काय काय बोलले ते कानावर आलं, मनाला लावून घेतलं नाही.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये थांबलो तेव्हा हात स्टिअरिंगवरून निघेनात. ही बाहेर आली, गाडी बघून जागीच उभी राहिली. काच खाली केली आणि सांगितलं, की मॅट्रनना आत्ताच्या आत्ता हो सांगून ये. तिने आधी मला पाण्याची बाटली दिली. मग म्हणाली, की नाही म्हणून परवाच कळवलं. ती जागा काल तिच्याबरोबरच्या एका नर्सला दिली. त्या नर्सचं घर हॉस्पिटलजवळ आहे.

चिडली असती तर बरं झालं असतं.

परत चालवायला बसलो, पण पाय क्लचवर ठरेना. गाडी तिथेच ठेवून बसने आलो. मेव्हणा रविवारी आणेल. बसमध्ये ही म्हणाली, की भीती वाटते एवढं पहिल्याच दिवशी कबूल केलं असतं, तर तिनेच ड्रायव्हिंगचा क्लास लावला असता. तिला कधीपासून शिकायचं होतं. पण मी एवढ्या हौसेने गाड्या बघत होतो, म्हणून ती बोलली नाही.

मी म्हटलं, अजूनही शीक की.

म्हणाली, आता सकाळी सहाला जायचं कुठे?