वाकड्या उदबत्त्या

अहो,

प्रिय वगैरे लिहीत नाही. जन्मात कधी म्हटलं नाही, आता तुमच्या मागे म्हटलं तर तुम्हीच हसाल.

दुपारची भांडी आटोपलीत. भिंतीला पाठ टेकून बसलेय आणि लिहितेय. कन्नडात भराभर लिहून झालं असतं, पण आपलं बोलणं मराठीत आणि भांडण तर पक्कं मराठीत, मग पत्र दुसऱ्या भाषेत कसं लिहू? शाळेत हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, त्या अक्षरांवर भागवतेय. चुका काढू नका. जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवलेत तुम्ही, कुणाचं अक्षर जरा कललेलं दिसलं की तुमचा हात शिवशिवायचा.

कारण असं झालं की काल पास्टर येऊन गेले. तुम्हाला जाऊन वर्ष होतंय, तर रविवारी उपासनेनंतर उपकारस्तुती ठेवलीय. त्यात मी सगळ्यांपुढे उभं राहून, देवाने आयुष्य कसं बदललं त्याची साक्ष द्यायची, असं त्यांचं म्हणणं. पेंटर रावांची साक्ष आता अम्मा, तुम्हीच सांगायला हवी, म्हणाले. मी कॉफी पुढे केली. इतकी वर्षं मी नाहीच म्हणत आलेय हे त्यांना माहीत आहे, तरी विचारलं बिचाऱ्यांनी.

ते गेले आणि शीला आतून आली. लेक तुमची, चेहरा तुमचा, राग माझा. म्हणाली, "आई, ते सगळं परत सांगणार असलीस तर मी येणार नाही." एवढंच बोलली आणि कपडे वाळत घालायला गेली. ती चर्चमध्ये यायची थांबली ते का, हे तुम्ही कधी विचारलंत का हो? तुम्हाला वाटायचं, कॉलेजात गेली, शिंगं फुटली. तसं नव्हतं.

तुमची साक्ष ऐकून ऐकून ती थांबली.

मला तर पाठ आहे ती. तुम्ही उभे राहायचे, घसा साफ करायचा, आणि सुरू व्हायचं. मी घाणीत लोळणारा माणूस होतो. बायको उदबत्त्या वळून घर चालवायची आणि मी ते पिऊन टाकायचो. आमचे पूर्वज महाराजांच्या फौजेत होते, त्यांची तलवार घरात होती, दर खंडेनवमीला तिची पूजा व्हायची, ती तलवार मी विकली आणि प्यायलो. इथे सगळे अय्यो म्हणायचे. मग माझ्याकडे वळून बघायचे. मी बाकावर बसलेली, मांडीवर शीला, आणि चर्चभर लोक मान वळवून आमच्याकडे बघताहेत. नवीन कोणी आलं की पुन्हा पहिल्यापासून. बाहेरगावचा पाहुणा आला की पास्टरच सांगायचे, रावांची साक्ष ऐकाच. आपल्या घरातली लाज तुम्ही इतक्या वेळा धुतलीत की तिचा रंगच गेला, पण पिळे माझ्या हाताला पडले.

खोटं काही बोलत नव्हता, हे मान्य. तलवार विकली. प्यायलात. मी रडले. पण तेवढंच होतं का हो आपल्या घरात?

तुमच्या अंत्यविधीला काय झालं ते सांगते, तुम्ही पेटीत होता, तुम्हाला दिसलं नसेल. एकेक जण उठला आणि तुम्ही किती वाईट होता हे प्रेमाने सांगून गेला! शेवटी त्या पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या अम्मांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, किती नीच माणूस होता तुझा नवरा, आणि प्रभूने त्याला कुठून कुठे नेलं बघ! त्यांना ते कौतुक वाटत होतं. मी मान हलवली. शीलाने मात्र तेव्हाच हात सोडवून घेतला आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

चूक त्यांची नाही. तुम्ही त्यांना दुसरं दिलंच नाही. आधीची सगळी वर्षं उचलून तुम्ही सैतानाच्या नावावर करून टाकलीत, मला न विचारता. अहो, त्यातली काही माझी होती!

मला एवढंच बोलायचं होतं इतकी वर्षं. बोलायला जमलं नाही. तुम्ही सुधारलात, घर शांत झालं, शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, सरोजा, नशीब काढलंस. त्यात मी तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

शीलाला तलवार आठवत नाही, तुमच्या साक्षीतून माहीत आहे. पण त्याच्या पुढच्या वर्षीची खंडेनवमी तिला कोणी सांगितली? तलवारीची जागा रिकामी. सकाळी मी उठून बघते तर तुम्ही मागच्या अंगणात, रॉकेलमध्ये ब्रश धुताय. एकूण एक ब्रश. तलवारीच्या त्या रिकाम्या पाटावर ओळीने मांडलेत, कुंकू लावलंत, आणि शीलाला मांडीवर घेऊन तिच्या हातून भिंतीवर एक रेघ ओढून घेतलीत. त्या दिवशी थेंब घेतला नव्हता तुम्ही. हात कापत होता, तिचा हात तुमच्या हातात, त्यामुळे रेघही कापरी आली. कपाट हलवलं तर अजून दिसते ती. हे साक्षीत कधी आलं नाही.

आणि उदबत्त्या? त्या तर अजिबातच नाहीत.

दुपारी तुम्ही यायचे. काम मिळालेलं असो नसो, यायचे. वास यायचा तोंडाला. मी पाट मांडून, कोळशाची पूड आणि चिकटायला लागते ती जिगट कालवून वळत बसलेली असायची. तुम्ही जेवायचं ताट नको म्हणायचे आणि समोर मांडी घालून बसायचे, गोळा घ्यायचे, काडीवर फिरवायचे. कोणी सांगितलं होतं? मी तर बोलतही नव्हते तुमच्याशी. पण बसायचे. शरमेने असेल. प्रेमाने असेल. मी तेव्हा फरक करत नव्हते, आता करावासा वाटतो.

तुमच्या काड्या म्हणजे काय सांगावं! मधेच जाड, टोकाला बारीक, सापाने उंदीर गिळल्यासारख्या. माल न्यायला मेस्त्री यायचा तो त्या निवडून बाजूला टाकायचा. मला फेकवत नव्हत्या. पावडरच्या डब्यात ठेवायची आणि संध्याकाळी देव्हाऱ्यात त्यातलीच एक लावायची. चामुंडी होती, खंडोबा होता, तुमच्या आईने दिलेले टाक होते. त्यांच्यापुढे रोज एकच बोलणं. ज्याच्या हाताचा हा धूर आहे त्याचा हात सुधारू दे. दुसरं काही मागितलं नाही मी. नीट जळायच्याही नाहीत मेल्या, मधेच विझायच्या. मी परत पेटवायची.

तुम्हाला हे माहीत नाही, असं मी धरून होते. तुम्हाला वाटत असेल, मी त्या टाकून देते.

मग ते गावाबाहेरचं येलवाल. तुम्ही तिथे देवाचं काम म्हणून गेला नव्हतात, चर्चच्या भिंतीवर बायबलचं वचन रंगवायचं काम मिळालं म्हणून गेलात. शिडीवर चढलात आणि हात इतका थरथरला की पहिलंच अक्षर ओघळलं. खाली उतरून सामान बांधायला लागलात. तेव्हाचे जुने पास्टर आले, तांदळाची गंजी प्यायला दिली आणि म्हणाले, चढा, मी शिडी धरतो. दिवसभर धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही. उपदेश नाही, काही नाही. ते वचन संपेपर्यंत तुमची दारू सुटली असं नाही, पण तिथे काहीतरी सुटायला लागलं. पुढे वर्षभर पडलात, उठलात, परत पडलात, आणि मग खरंच सुटली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याला तुम्ही कृपा म्हणालात, मीही म्हणते.

साक्षीत तुम्ही शेवटी हेच सांगायचे. कोणीतरी खाली शिडी धरून उभा होता म्हणून वर माझा हात स्थिर झाला. सगळे आमेन म्हणायचे. मीसुद्धा म्हणायची. पण खरं सांगू? अहो, त्याच्या आधी इतकी वर्षं शिडी कोण धरून उभं होतं?

चर्चमध्ये माईकवर तुम्ही माझी माफी मागितलीत, कन्नडात, दर वेळी. घरात मराठीत एकदाही नाही. मला माईकवरची नको होती.

असो. तरी मी तुमच्यामागून पाण्यात उतरलेच की. कृष्णराजनगरला कावेरीत तुमचा बाप्तिस्मा झाला आणि पुढच्या वर्षी माझा. आपल्या माणसांनी लग्नकार्याला बोलावणं सोडलं. तुमचे थोरले भाऊ म्हणाले, बापाच्या अस्थी ज्या नदीत सोडल्या त्याच नदीत बाटलास. आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, अण्णा, अस्थी खाली टी. नरसीपूरला, मी वर कृष्णराजनगरला, पाणी आधी मला लागून मग अप्पांकडे जातं. त्यांना राग आला, मला हसू. असे तुम्ही मला आवडायचे. आणि असे तुम्ही आधीही होता, दारूच्या दिवसांतही, हेच तर म्हणतेय मी.

पाण्यात बुडून वर आले तेव्हा मला उजेड वगैरे काही दिसला नाही. थंडी वाजली. पण एक आलं मनात, की आता एकटीने ओढायचं नाही. तेवढं पुरलं मला. अजून पुरतं.

देव्हारा उतरवला. उदबत्ती लावायची नाही, पण वळून विकायची, कारण पोट! नवीन माणसं घरी प्रार्थनेला आली की वास घेऊन एकमेकांकडे बघायची. तुम्ही म्हणायचे, धंदा आहे हो, सुम्ने बसा, उगीच काही मनात आणू नका. मग फ्लेक्स आलं, ब्रशाचं काम गेलं, आणि तुम्ही परत माझ्यासमोर पाटावर येऊन बसलात. आता हात स्थिर. तुमच्या काड्या माझ्यापेक्षा सरळ यायच्या. मेस्त्री कौतुक करायचा आणि मला उगाच चुकल्यासारखं व्हायचं.

शेवटच्या आजारात हात पुन्हा कापायला लागला. दारूशिवाय. झोपून राहा म्हटलं तर ऐकायचे नाहीत, उशी पाठीला लावून बसायचे आणि वळायचे. तशाच, जुन्यासारख्या, मधे जाड. एक माझ्यापुढे धरून तुम्ही म्हणालात, "सरोजा, ही कोण घेणार? तू आता कुणापुढे लावशील?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! इतकी वर्षं माहीत होतं. आणि एका शब्दाने बोलला नाहीत. मी काडी तुमच्या हातातून घेतली आणि डब्यात ठेवली. तीच तुमची मराठीतली माफी होती, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. इतक्या आडवळणाने कोणी माफी मागतं का हो?

काल संध्याकाळी शीलापुढे तो डबा उघडला. सगळं सांगितलं. पाट, मेस्त्री, देव्हारा, भिंतीवरची रेघ. दोघींनी मिळून कपाट सरकवलं, माझी कंबर गेली त्यात. ती रेघेवर बोट ठेवून उभी राहिली. मग वळून, शाळेत शिकवताना पोरांना विचारते तसं विचारलं, "मग आई, ऐकलं कोणी? तू तर चामुंडीपुढे लावत होतीस."

मी थकले होते. फार विचार करून बोलले नाही. म्हटलं, "मी कुणापुढे लावत होते ते मला माहीत होतं. घेत कोण होता, ते नंतर कळलं."

तिने डबा उचलून हातात घेतला. पास्टरांना हे पटेल की नाही, देव जाणे. पण मला दुसरं येत नाही. तुम्ही म्हणायचे, येलवालच्या आधी आपण अंधारात होतो. असू. पण प्रभू येलवालला पहिल्यांदा आला असं मी नाही म्हणणार. तो आपल्या त्या कोळशाच्या पुडीत, तुमच्या तोंडाच्या त्या घाण वासात, रोज दुपारी येऊन बसत होता. नाहीतर तुम्ही रोज घरी कशाला आला असता? आणि मी तरी कशाला राहिले असते? माझ्या अंगात तेवढी ताकद नव्हती हो. कधीच नव्हती.

तर ऐका, शब्द देते. रविवारी मी उभी राहीन. गुडघे दुखतात, माईक धरायची सवय नाही, कन्नडात बोलताना मधेच मराठी येईल, येऊ दे. तुमची साक्ष सांगणार नाही, ती त्यांना पाठ आहे. माझी सांगेन. तलवार सांगेन, लपवणार नाही. पण ब्रशही सांगेन. त्या म्हाताऱ्या अम्मांकडे बघून सांगेन की माझा नवरा नीच नव्हता, त्याचा हात कापत होता.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कुणापुढेही लावणार नाही त्या आता, प्रभूला धूर लागत नाही. विकणार तर नाहीच. डबा घेऊन जाणार आहे चर्चमध्ये, दाखवायला. शीला धरेल तो. पहिल्या बाकावर बसते म्हणाली.

तुमची,
सरोजा