कोरी डिस्क

प्रिय वरुण,

'प्रिय' लिहिताना आज हात अडखळला, पण ते असू दे. घरातली हार्ड डिस्क मेली. तू निघतोस तेव्हा भरलेली डिस्क बोटीवर नेतोस, कोरी माझ्याकडे ठेवतोस. मी ईशाचं सगळं त्यात भरत राहायचं आणि तू आलास की अदलाबदल, असा तुझा पक्का बंदोबस्त. बोटीवर नेट रडत चालतं, म्हणून व्हिडिओ डिस्कवर टाक आणि फोन रिकामा कर, हेही तुझंच. याला तू बॅकअप म्हणायचास! सेकंड इंजिनिअर ना तू? बोटीवर प्रत्येक महत्त्वाच्या पंपाला जोडीला दुसरा पंप असतो, असं तूच मला कौतुकाने सांगितलं होतंस. लेकीच्या वेळी ते कुठे गेलं?

गेल्या आठवड्यात ती टकटक वाजायला लागली आणि लॅपटॉपवर दिसेनाशी झाली. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून रजा टाकून, ईशाला घेऊन आंग मो किओच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरची मुलगी गोड हसून इथल्या इंग्रजीत म्हणाली, "रिप्लेस कॅन, डेटा कॅनॉट." डिस्क बदलून मिळेल, आतलं काही मिळणार नाही. जुनी डिस्क जमा करायची, ती ते नष्ट करणार. बाहेर कुणी उघडली तर वॉरंटी बाद. म्हणजे डबीची हमी आहे, आत काय होतं त्याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. माझं डोकंच फिरलं. मी विचारलं, माझ्या मुलीचा पहिला दात पडला तो दिवस नव्या डिस्कमध्ये घालून देता का? मॅनेजर धावत आला, वाकून माफी मागितली, माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. इतका राग आला की ती तिथेच ठेवून आले. मग सेरंगूनला डेटा काढून देणाऱ्या एकाकडे गेले. त्याने आवाज ऐकला आणि आतली तबकडी खरवडली गेली आहे, उघडून काही हाती लागणार नाही, वॉरंटी तेवढी जाईल, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने जमा करून आले.

आपल्या बिल्डिंगखाली ईशा पहिल्यांदा एकटीने सायकल चालवायला शिकली, ते गेलं. शाळेतला नाच गेला. दर रविवारी कॅमेऱ्यासमोर उभी राहून तुला आठवड्याच्या बातम्या द्यायची, तेही गेलं. आणि गंमत बघ, माझं काहीच गेलं नाही. मी त्या सगळ्या वेळी तिथे उभी होते. गेलं ते फक्त तुझं. परतताना एमआरटी ट्रेनमध्ये ईशाने विचारलं, "देन बाबा हाउ टु सी?" मी म्हटलं, नाच पुन्हा करून दाखव, मी पुन्हा शूट करते. तर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली. आता तिला काय सांगू, तूच सांग.

हे सगळं मी तू घरी आल्यावर, जेवण झाल्यावर, शांतपणे सांगणार होते. तू इथेच साइन ऑफ करून बोटीवरून उतरणार म्हणून ईशाने दारावर चिकटवायला चित्रसुद्धा काढलं होतं. आणि काल तुझा मेल. कंपनीने आग्रह केला, तू पुढच्या फेरीला हो म्हणालास. बोट इंधन भरायला इथे थांबेल, तेव्हा कंपनीच्या इथल्या एजंटच्या हाती डिस्क पाठव, म्हणे. मला एका शब्दाने विचारलं नाहीस! घरासमोरच्या समुद्रात नांगर टाकून बसायचं आणि लेक डिस्कवर बघायची? तुझ्या जागी येणारा रोहन अजून इथेच आहे, मी त्याला फोन केला. उद्यासुद्धा बोटीवर चढायला तो तयार आहे. वॉरंटीतली नवी डिस्क आज आली. मी पाकीटही फोडलेलं नाही. ती कोरीच राहील, कारण यापुढे मी तुझ्यासाठी एक सेकंदही शूट करणार नाही. एजंटच्या लाँचमधून फक्त हे पत्र पाठवते आहे. कॅप्टनशी बोल, बॅग भर आणि त्याच लाँचने उतर. ईशाचा दुसरा दात हलायला लागला आहे.

भयंकर चिडलेली, तरीही तुझीच,
अनघा